नववा नियम

"खिसे उलटे करून दाखवा," हे तिनं त्याला म्हटलेलं पहिलं वाक्य. प्रेमकथा अशी सुरू होते असं कुणी सांगितलं असतं, तर तिच्या मावशीनं कपाळावर हात मारून घेतला असता. पण तिचं कामच ते होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या केंद्रात संगणकाच्या परीक्षा होत. प्रोग्रामर म्हणून प्रमाणपत्र मिळवायला येणाऱ्या प्रत्येकाचे खिसे, बाह्या, चष्मा तपासून त्याला आत सोडायचं, दोन तास काचेपलीकडून त्याच्यावर नजर ठेवायची आणि शेवटी निकालाचा कागद हातात द्यायचा, एवढं सगळं तिच्याकडे होतं.

त्या दिवशी बाहेर पावसाची रिपरिप चालली होती. तो धापा टाकत आला तो छत्री काखेत आणि केस चिंब अशा अवतारात. छत्रीची कळ बिघडली होती, आणि ती दुरुस्त करण्याच्या नादात पठ्ठ्या अर्धा रस्ता भिजतच आला होता. खिसे उलटे केले तर ट्रेमध्ये एक छोटा स्क्रूड्रायव्हर, पेन्सिलीचा तुकडा, चॉकलेटचे तीन चुरगळलेले कागद आणि कसलासा स्क्रू पडला.

"अजून काही?"

"आता फक्त मीच उरलो," तो म्हणाला.

तिनं ओठ घट्ट मिटून घेतले, कारण कोपऱ्यात कॅमेरा होता आणि उमेदवारासमोर हसायचं नाही असं केंद्रप्रमुखांनी बजावलेलं होतं. सामान ठेवायला त्यानं सात नंबरचं कपाट निवडलं. मग तिनं नियमांचा तक्ता उचलला. एकूण बारा नियम, आणि उमेदवार पहिल्यांदा आलेला असो की दहाव्यांदा, ते सगळे मोठ्यानं वाचून दाखवायचे. बहुतेक जण तेवढ्यात जांभया देत, नखं कुरतडत. हा मात्र पहिल्यापासून बाराव्यापर्यंत तिच्याकडे एकटक बघत, प्रत्येक नियमाला मान डोलवत ऐकत होता. तिला बरं वाटलं. निदान एक तरी माणूस ऐकून घेणारा निघाला!

आत जाताना तिनं त्याला कच्च्या कामासाठी पुसता येणारी एक पांढरी पाटी आणि मार्कर दिला. दोन तासांनी तो बाहेर आला तेव्हा पाटी आकडेमोडीनं भरली होती आणि तो नापास झाला होता. पास व्हायला सातशे गुण लागत. त्याला सहाशे बारा होते.

नापास झालेल्याला पंधरा दिवस थांबावं लागे. सोळाव्या दिवशी तो पुन्हा हजर. पुन्हा खिसे, पुन्हा सात नंबर, पुन्हा बारा नियम, पुन्हा ते एकटक बघणं. सहाशे पंचावन्न. घरी मावशीशी बोलताना ती त्याला 'सात नंबर' म्हणू लागली होती. मावशीच्या नजरेतून काही सुटायचं नाही. उमेदवार छप्पन्न येतात, पण रात्रीच्या जेवणाला हा एकटाच का येतो, असं तिनं एकदा विचारलंसुद्धा.

हळूहळू त्याची हकीकत कळत गेली, कारण तिसऱ्या वेळेपासून तो अर्धा तास आधी येऊन बसू लागला. चार रुग्णालयांच्या रक्ताच्या पिशव्यांचा हिशेब ठेवणारा प्रोग्राम त्यानं लिहिला होता. कोणत्या गटाचं रक्त कुठे आहे, कोणती पिशवी उद्या फेकावी लागेल, ते सगळं तो प्रोग्राम सांगे, आणि आठ वर्षांत तो एकदाही बंद पडला नव्हता. पण याच्याकडे पदवी नव्हती. सगळं स्वतःच्या हातानं शिकलेला. आता तसाच प्रोग्राम दुसऱ्या शहरातल्या बावीस रुग्णालयांसाठी हवा होता आणि ते काम त्याच्यासाठीच होतं म्हणा ना. फक्त तिथल्या मंडळींनी एक अट घातली होती. मुख्य प्रोग्रामर प्रमाणपत्रधारक हवा.

"कागदाच्या तुकड्यानं काय सिद्ध होतं?" त्यानं तणतणत विचारलं. "रक्त वेळेवर पोचतंय. ते पुरे नाही?"

खरं तर तिनं गप्प बसायचं. पण त्या खुर्च्यांवर तिनं किती माणसं बघितली होती! तिशीत नोकरी गेलेली, पोरं मोठी झाल्यावर पुन्हा कामाला लागू बघणारी, निकालाचा कागद छातीशी धरून जिन्यातच रडणारी. ती म्हणाली, "कागदानं अक्कल येत नाही, कबूल. पण अक्कल आहे हे परक्याला कसं कळणार? तुम्हाला ओळखणारा तिथं कुणी नाही. कागद तुमच्या आधी दारातून आत जातो आणि सांगतो, की हा माणूस बघा, याला येतं."

त्यानं विचारलं, "तुमच्याकडे आहे?"

"मला कुठे येतंय प्रोग्रामिंग?"

"आणायचं ठरवलं तर?"

आणि मग त्यानं सात नंबरच्या कपाटाची किल्ली, आठची किल्ली, नऊची किल्ली अशा ओळीत मांडल्या, आणि संगणकाला 'प्रत्येक कपाट उघडून बघ, रिकामं दिसलं की थांब' हे कसं सांगायचं ते तिला समजावून दिलं. सोप्पं होतं. म्हणजे, त्यानं सोपं केलं होतं. बोलताना त्याची बोटं किल्ल्यांवरून फिरत होती आणि तिचं लक्ष किल्ल्यांवर थोडं नि बोटांवर जास्त होतं. दुसऱ्याला प्रमाणपत्राची महती सांगणारी ती स्वतः कोरडीच होती, हे मात्र तिला त्या दिवसापासून टोचू लागलं.

तो नापास का होतो तेही तिला कळून चुकलं. प्रश्न तिला दिसत नसत, पण बाहेर आल्यावर तोच कपाळ बडवत सांगे. 'यांपैकी कोणतं चूक' असं विचारलेलं असे आणि हा बरोबर असलेलं टिपून मोकळा! दोन उत्तरं निवडायची असत तिथं हा एकच निवडी.

"तुम्ही पूर्ण वाचतच नाही," ती म्हणाली.

"अर्ध्यावरच उत्तर दिसतं मला. पुढचं कशाला वाचू?"

चौथ्या वेळी सहाशे अठ्ठ्याऐंशी. बारा गुणांनी हुकलं. कागद देताना तिचाच चेहरा उतरला होता, आणि तो मात्र तिची समजूत काढत होता. कपाटाला कुलूप लावता लावता, तिच्याकडे न बघता त्यानं विचारलं, "खाली कोपऱ्यावर... चहा बरा मिळतो. म्हणजे, तुमचं काम संपल्यावर..."

तिच्या मनात काय झालं ते मनातच राहिलं. तिनं सांगितलं, की ओळखीच्या माणसाची परीक्षा तिला घेता येत नाही. चहा घेतला की ओळख झाली. मग ते वर कळवावं लागेल, आणि त्याला दुसरं केंद्र शोधावं लागेल.

"मग पास झाल्यावर?"

"पास झाल्यावर... बघू."

ते 'बघू' तिनं अशा काही सुरात म्हटलं, की तो जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरत गेल्याचं तिला वर ऐकू आलं. पुढचे पंधरा दिवस कसे गेले ते तिचं तिलाच ठाऊक. मावशी म्हणाली, परीक्षा त्याची आहे आणि भूक तुझी गेलीये.

पाचव्या वेळी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. खिशात फक्त किल्ल्या. काखेत अभ्यासाचं जाडजूड पुस्तक होतं. पास झालो तर हे तुमचं, असं त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं. तिनं बारा नियम वाचले. तो तसाच बघत राहिला, तशीच मान डोलवत.

ती कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्याला बघत होती. दीड तासात त्याचे प्रश्न संपले. मग त्यानं पाटी पुढे ओढली. लिहिलं, बोटानं पुसलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. वीस मिनिटं हेच. कुठल्यातरी अवघड गणितात अडकला असणार, असं तिला वाटलं. देवा, एवढं एक सुटू दे याला, असं ती मनातल्या मनात म्हणालीसुद्धा.

वेळ संपली. तो बाहेर आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. पाटी त्यानं दोन्ही हातांनी तिच्या हातात दिली. ती नेहमीप्रमाणे पाटी उपडी धरून केबिनमध्ये गेली. तिथं कामाची पद्धत ठरलेली होती. पाटी मेजावर ठेवायची, वर ओलं फडकं टाकायचं, आणि नजर दुसरीकडे ठेवून पुसायचं. चार वर्षांत हाताला इतकी सवय झाली होती, की डोळ्यांना तिथं कामच उरलं नव्हतं. आणि आज तर डोळे छपाई यंत्रावर खिळले होते. कागद सरकत बाहेर आला. आठशे एकसष्ट. पास!

तो कागद हातात धरून ती मिनिटभर तिथंच उभी राहिली, चेहरा ताळ्यावर आणायला. तो पास झाला होता. म्हणजे आता तो उमेदवार नव्हता. म्हणजे आता चहा.

बाहेर येऊन तिनं कागद दिला. "अभिनंदन. आठशे एकसष्ट."

त्यानं कागदाकडे पाहिलंच नाही. तो तिच्याकडे बघत होता. "तुम्हाला... आणखी काही सांगायचंय?"

ती थबकली. चहाचं यानं काढायचं ना! "नाही... एवढंच. इथं सही करा."

त्यानं सही केली. पुस्तक कपाटावर ठेवलं, सात नंबरची किल्ली तिच्यासमोर ठेवली, छान झालं म्हणाला, आभार म्हणाला, आणि गेला. जिना उतरताना या वेळी पायऱ्या एकेक वाजत होत्या. ती ऐकत राहिली. खालच्या दारापर्यंत पाऊल कुठेच थांबलं नाही.

पुस्तकाचं पानन् पान तिनं चाळलं. एखादी चिठ्ठी, एखादी ओळ, गेला बाजार कोपऱ्यात नाव तरी... पेन्सिलीच्या खुणांखेरीज काही नव्हतं. त्याचा फोन नंबर नोंदवहीत होता, तिला पाठही झाला होता. मावशी म्हणाली, "अगं, विसरला असेल तो. तू विचार."

"मी का विचारू? ज्याला बोलायचं असतं तो असा जिना उतरून जातो का?"

"मग बस हाताची घडी घालून."

ती खरंच बसली. नोंदवहीतला नंबर खासगी कामाला वापरायचा नाही हाही एक नियम होता, आणि तो तिला फार सोयीचा पडला. राग, मान, लाज, सगळं त्या एका नियमाआड लपवता आलं. कागद हवा होता, मिळाला, गेला, असं तिनं स्वतःला इतक्यांदा सांगितलं की शेवटी ते खरं वाटायला लागलं.

पुस्तक मात्र तिनं सोडलं नाही. पहिल्यांदा त्याच्या पेन्सिलीच्या खुणांसाठी वाचलं, मग पुस्तकासाठी. सकाळी कामावर जाण्याआधी एक तास, सुट्टीच्या दिवशी चार. दोन वर्षं लागली. स्वतःच्या केंद्रावर बसता येत नव्हतं म्हणून ती दुसऱ्या शहरात जाऊन परीक्षेला बसली आणि पहिल्या फटक्यात पास झाली. प्रश्न पूर्ण वाचायची तिला सवयच होती. मावशीनं प्रमाणपत्र चौकटीत बसवून भिंतीवर टांगलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हात धरून दाखवलं. वर्षभर अर्ज केले, आणि एका कंपनीनं, जिथं तिला ओळखणारं कुणीही नव्हतं, तिला प्रोग्रामर म्हणून बोलावलं. कागद खरोखरच तिच्या आधी आत गेला होता. एक तारखेला रुजू व्हायचं होतं. केंद्रावरचे शेवटचे पाच दिवस उरले होते.

आणि त्या दिवशीच्या यादीत त्याचं नाव होतं.

त्यात नवल काहीच नव्हतं. प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची. पुढे पुन्हा बसून ते ताजं करून घ्यावं लागतं, कारण या धंद्यात काल शिकलेलं आज शिळं होतं. नवल एवढंच, की त्याच्या शहरात केंद्र असताना तो इथं आला होता. तो म्हणाला, इकडे काम निघालं होतं. थोडा भरला होता, कानाशी दोन-चार केस पांढरे झाले होते. तिला बघून त्याचे कान मात्र तसेच लाल झाले.

"खिसे..." ती म्हणाली.

किल्ल्या. पेन्सिलीचा तुकडा. आणि बोटाएवढा, पिवळा, एकुलता एक पायमोजा.

दोघंही त्या मोज्याकडे बघत राहिले. "मुलगी," तो म्हणाला. "वर्षाची झाली. एक काढून फेकते, दुसरा मी खिशात ठेवतो."

"छान," ती म्हणाली, आणि ते तिनं खरंच मनापासून म्हटलं. फक्त म्हणायला जरा वेळ लागला. मग तिनं नियमांचा तक्ता उचलला. हातांना काहीतरी हवं होतं. पहिला, दुसरा, तिसरा... तो या वेळी तिच्याकडे बघत नव्हता. खाली मान घालून ऐकत होता.

"नियम नववा. पाटीवर उमेदवारानं लिहिलेला मजकूर केंद्रातील कोणीही वाचणार नाही. परीक्षा संपताच पाटी न वाचता पुसली जाईल. नियम दहावा..."

"थांबा." त्यानं मान वर केली. "हा नियम नवीन आहे?"

"नाही. पहिल्यापासून आहे."

"पुन्हा वाचा."

तिनं पुन्हा वाचला. वाचता वाचता तिचा आवाज हळू होत गेला, कारण त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी कोसळत होतं.

"पाच वेळा वाचलात तुम्ही हा माझ्यासमोर," तो म्हणाला.

"तुम्ही मान डोलवत होता."

"मी तुम्हाला ऐकत होतो. तुम्ही काय वाचताय ते... ते कधी ऐकलंच नाही."

तिनं तक्ता खाली ठेवला. कोपऱ्यातला कॅमेरा चालू होता. चालू दे, असं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. "त्या दिवशी तुम्ही वीस मिनिटं काय लिहीत होता?"

तो मोज्याकडे बघत बोलला. "तोंडानं मला जमत नाही, लिहून जमतं. लिहिलं होतं, की पास झालो तर मला जावं लागेल. तुम्ही याल का माझ्याबरोबर? नको म्हणालात तर काही बोलू नका, फक्त सही घ्या. मी समजेन." मग थोडं थांबून म्हणाला, "तुम्ही आत खूप वेळ थांबलात. मला वाटलं, विचार करताय. आणि मग बाहेर येऊन म्हणालात..."

"इथं सही करा," ती म्हणाली.

बाहेरच्या खोलीत पुढचा उमेदवार खोकला. तिनं ओढणीच्या टोकानं डोळे टिपले, ते लपवायचा प्रयत्नही केला नाही. किती साधं होतं! तिनं एकदा चहाचं विचारलं असतं तर जीभ झडली नसती. त्यानं एक नियम ऐकला असता तर. नोंदवहीतला तो नंबर तिनं एकदा फिरवला असता तर. तीन वर्षं तिनं पुस्तकाच्या पानांत जे शोधलं होतं, ते तिनं स्वतःच्या हातानं, ओल्या फडक्यानं, स्वच्छ पुसलं होतं.

"वाचलं असतंत तर?" त्यानं अगदी हळू विचारलं.

"वाचलं असतं तर पुसलं नसतं."

त्यानं मान हलवली. या वेळी ऐकून. मग मोजा उचलून सात नंबरच्या कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं. तिनं राहिलेले तीन नियम वाचले, एकही शब्द न गाळता, आणि पाटी नि मार्कर त्याच्या हातात दिले. आपण प्रोग्रामर झालो हे सांगायचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. तेवढं मात्र तिनं सांगितलं. तो दारात थबकला, आणि मघापासून पहिल्यांदाच हसला, डोळे भरलेले असताना माणूस हसतो तसा. "रिकामं कपाट दिसलं की थांबायचं," तो म्हणाला.

"लक्षात आहे," ती म्हणाली.

दोन तास ती पडद्याकडे बघत बसली. त्यानं प्रत्येक प्रश्न सावकाश, शेवटपर्यंत वाचला. नऊशे चाळीस. कागद देताना तिनं अभिनंदन केलं, त्यानं सही केली, मोजा खिशात घातला. चहाचं कुणीच काढलं नाही. खाली कुणीतरी वाट बघत असेल असं तिनं धरून चाललं आणि विचारलं नाही. जिन्यावर त्याची पावलं वाजली, एका ठिकाणी थांबल्यासारखी वाटली, आणि पुन्हा उतरू लागली.

केबिनमध्ये पाटी उपडी पडली होती. तिनं दार लावून घेतलं. सात वर्षांच्या नोकरीत एकदाही न केलेली गोष्ट तिनं केली. पाटी उचलली, उलटी केली आणि डोळे भरून पाहिली. मग दुसरी बाजू पाहिली. मग खिडकीशी नेऊन उजेडात तिरपी धरून पाहिली.

पाटी कोरी होती. मार्करचं टोपणसुद्धा उघडलेलं नव्हतं.

तरीही ओलं फडकं घेऊन तिनं ती दोन्ही बाजूंनी नीट पुसली, आणि पुढच्या उमेदवाराला आत बोलावलं.